मृगातल्या तेजोमेघाचा फोटो: पहिल्या हिवाळ्यासाठी मार्गदर्शक

तेजोमेघांचे फोटो काढायला शिकायचं असेल, तर पहिला अख्खा हिवाळा एकाच तेजोमेघाला द्या: मृग नक्षत्रातल्या एम ४२ ला, म्हणजे ओरायन तेजोमेघाला. दर रात्री नवं लक्ष्य धरणाऱ्यांकडे मार्चअखेर अर्धवट फोटोंचा ढीग साचतो. एकाला चिकटून राहणाऱ्याकडे एकच फोटो असतो, पण तो छापून भिंतीवर लावता येतो. या छंदात शेवटी मोजला जातो तो जमवलेला वेळ. चार रात्रींचा प्रकाश एकाच चित्रात ओतता येतो, आणि हीच गोष्ट नव्या लोकांना सर्वांत उशिरा उमगते. म्हणून पुढचं सगळं मी एम ४२ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

हेच लक्ष्य का, आणि कधी

मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लागलेला व्याध हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ओळखीचं आहे. बाणाच्या थोडं दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ दिसते. तिच्या मधला ‘तारा’ काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनाही धुरकट दिसतो. तोच एम ४२. अंतर सुमारे १,३४० प्रकाशवर्षं. आकाशातली रुंदी एक अंशाहून थोडी जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. त्याच्या गाभ्यात ट्रॅपेझियम नावाचा चार तरुण ताऱ्यांचा चौकोन आहे. त्यांतल्या सर्वांत तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन आयनित होतो, आणि तोच वायू फोटोत लाल-गुलाबी उमटतो.

तो इतका तेजस्वी आहे की पहिल्याच रात्री काहीतरी हाती लागतं. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला तो याचाच. ११ इंची दुर्बीण आणि जवळपास ५० मिनिटांचं एक्स्पोजर. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकानं आपल्या घरच्या बागेतल्या ३६ इंची परावर्तकातून ३७ मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं, आणि त्यात मोठ्या दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. आज ७० मिलिमीटरची दुर्बीण आणि जुना डीएसएलआर घेऊन तुम्ही त्या फोटोच्या कितीतरी पुढे जाऊ शकता. ही अतिशयोक्ती नाही, एकदा करून पाहा.

महाराष्ट्राला इथे एक देणगी आहे. पुण्याच्या अक्षांशावरून एम ४२ क्षितिजापासून ६६ अंश उंच चढतो. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना तो दक्षिणेला बराच खाली, जास्त जाड हवेतून टिपावा लागतो; आपल्याला तो थेट वरच्या स्वच्छ हवेत मिळतो. १५ जानेवारीच्या सुमारास पुण्यात तो रात्री साडेदहाला याम्योत्तर ओलांडतो, म्हणजे ठीक दक्षिणेला, सर्वांत उंच असतो. महिना पुढे सरकला की ही वेळ दोन तास अलीकडे येते: डिसेंबरच्या मध्याला साडेबारा, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठ. जानेवारीत संधिप्रकाश पुरता संपतो साडेसातच्या आसपास, आणि पहाटे दोनपर्यंत तेजोमेघ ३० अंशांच्या वर असतो. साडेसहा तासांचं काम एका रात्रीत मिळतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या अमावास्यांवर खूण करा. त्यांच्या आगेमागे पाच-पाच दिवस आपले.

पैसे कुठे घालायचे

सर्वांत आधी माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या यंत्रणेवर. दुर्बिणीचं भिंग थोडं कमी प्रतीचं असलं तर फोटो थोडा कमी प्रतीचा येतो, पण माउंट डळमळीत असला तर फोटोच येत नाही. कारण साधं आहे. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ४२० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंथची) दुर्बीण आणि ४.३ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलवर साधारण २.१ विकला आकाश पडतं. म्हणजे मोटर बंद असेल तर तारा दर सेकंदाला सात पिक्सेल पळतो. दोन मिनिटांचं एक्स्पोजर हवं असेल तर तेवढा वेळ माउंटनं त्याला एक-दीड पिक्सेलच्या आत धरून ठेवायचं आहे. तेव्हा मोटर असलेला विषुववृत्तीय माउंटच हवा, म्हणजे ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखता येतो असा, आणि कंपनीनं सांगितलेल्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच त्याच्यावर भार टाका. एकूण बजेटचा अर्धा हिस्सा माउंटला गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

दुर्बीण म्हणून ७२ ते ८० मिमीची ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या) काचेची अपवर्तक, म्हणजे भिंगाची दुर्बीण मी नव्या माणसाला डोळे झाकून सुचवतो. नाभीय अंतर ४०० ते ५००. एपीएस-सी, म्हणजे साध्या डीएसएलआरमधल्या आकाराच्या सेन्सरवर ४२० मिमीला तीन अंश बाय दोन अंश एवढं आकाश मिळतं. एम ४२ आणि त्याच्या उत्तरेचा निळसर ‘रनिंग मॅन’ तेजोमेघ दोन्ही आरामात बसतात. कडेचे तारे लांबट येऊ नयेत म्हणून त्याच दुर्बिणीसाठी बनलेला फील्ड फ्लॅटनर लागतो, तो सुरुवातीलाच घ्या. १३० मिमीची एफ/५ न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीणही चांगली आणि स्वस्त, पण घेण्याआधी विचारा: कॅमेरा लावल्यावर ती फोकसला येते का? डोळ्यांनी पाहण्यासाठी बनलेल्या कित्येक न्यूटोनियनमध्ये फोकसर पुरेसा आत जात नाही. आणि डॉब्सोनियन (जमिनीवरच्या साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घरात असेल तर ती बघण्यासाठी जपून ठेवा. तेजोमेघांच्या लांब एक्स्पोजरसाठी ती बनलेली नाही.

कॅमेरा जुना चालेल. वापरलेला कॅनन किंवा निकॉनचा डीएसएलआर घ्या, लाइव्ह व्ह्यू असलेला. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरपुढे असलेला फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून काही जण तो काढून घेतात. पहिल्या हिवाळ्यात त्याची गरज नाही. एम ४२ मूळ कॅमेऱ्यातही छान येतो. बाकी सामानात टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी), इंटरव्हॅलोमीटर (ठरलेल्या वेळेच्या फ्रेम्स आपोआप काढणारा रिमोट), १२ व्होल्टची बॅटरी आणि दव रोखणारा हीटर पट्टा. ऑटोगायडिंग, म्हणजे छोटी गाइड दुर्बीण, तिचा कॅमेरा आणि ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर पीएचडी२, दुसऱ्या टप्प्यात घ्या. त्याविनाही ३० ते ६० सेकंदांची एक्स्पोजर चांगल्या माउंटवर निघतात.

एवढा खर्च झेपत नसेल तर स्टार ट्रॅकर (कॅमेऱ्याला आकाशाबरोबर फिरवणारा छोटा माउंट), १३५ मिमीची लेन्स आणि असलेला कॅमेरा. त्या चौकटीत बाण, त्याच्याजवळचा अश्वमुख तेजोमेघ आणि एम ४२ सगळे एकत्र येतात. हा दुय्यम पर्याय मुळीच नाही. कित्येक सुंदर फोटो असेच निघाले आहेत.

जागा

शहरातल्या गच्चीवरूनही एम ४२ चा गाभा मिळतो. पण त्याच्या भोवतीचे पंख आणि तपकिरी धुळीचे पडदे हवे असतील तर बाहेर पडा. जागा निवडताना बहुतेक जण ‘शहरापासून किती लांब’ एवढंच बघतात. दिशाही तितकीच महत्त्वाची. एम ४२ पूर्वेला उगवतो, दक्षिणेकडून जातो, पश्चिमेला मावळतो. त्यामुळे शहराचा उजेड तुमच्या उत्तरेला पडला पाहिजे. पुणेकरांनी भोर-वेल्ह्याकडे जावं, कारण तिथून पुण्याची प्रभा उत्तरेला राहते. शहराच्या उत्तरेला तेवढ्याच अंतरावर बसलात तर रात्रीचा उत्तम काळ शहराच्या डोक्यावरून फोटो काढण्यात जाईल.

एकट्यानं सुरुवात करू नका. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. अशा ठिकाणी कोणाच्या तरी माउंटशेजारी एक रात्र उभं राहिलात तर दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. तिथल्या व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

खेडेगावात जाणार असाल तर शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना दिवसाउजेडी भेटून सांगा. मध्यरात्री तिपाईवर नळकांडं लावून लाल दिव्यात वावरणारी अनोळखी माणसं पाहून कोणीही चौकशीला येणारच, आणि तो बिचारा येतो तो गाडीचे मोठे दिवे लावून. जुन्नर भागात उसाच्या कडेला बसू नका. तिथे बिबट्याचा वावर खराखुरा आहे.

मांडणी आणि ध्रुव साधणं

उजेड असतानाच पोहोचा. तिपाई कठीण जमिनीवर, पाय फार लांब न काढता, पाणसळीत. माउंटचा ध्रुव अक्ष उत्तरेला, आणि अक्षांशाचा आकडा तुमच्या गावाचा: कोल्हापूर १६.७, पुणे १८.५, मुंबई १९, नागपूर २१.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. बहुतेक माउंट युरोप-अमेरिकेच्या चाळीस-पन्नास अंशांच्या हिशेबानं आखलेले असतात. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा होतो, त्यामुळे प्रतिभाराचा दांडा खाली तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला घासू शकतो. मोटर लावण्याआधी क्लच सैल करून दुर्बीण हातानं पूर्व ते पश्चिम फिरवून पाहा. दांडा अडत असेल तर तिपाई आणि माउंटमध्ये उंची वाढवणारा खांब बसवा. शिवाय ध्रुवतारा आपल्याकडे इतका खाली असतो की उत्तरेला डोंगर किंवा आमराई असली की तो दिसतच नाही. जागा बघायला दिवसा गेलात तर मोबाइलच्या होकायंत्रानं उत्तर पाहा आणि तिथे वीस अंशांच्या खाली मोकळं आहे ना, एवढं तपासा. हात सरळ लांबवून पसरलेली वीत म्हणजे साधारण वीस अंश.

आता तोल. दुर्बीण, कॅमेरा, पट्टे, सगळं चढवल्यावरच तोल साधा, आधी नाही. केबली दोन ठिकाणी बांधून घ्या. लोंबणारी केबल तिपाईत अडकली की रात्र गेली.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नाही, त्यापासून सुमारे पाऊण अंशाच्या आत फिरतो. ध्रुवदर्शीच्या, म्हणजे माउंटच्या अक्षावरच्या छोट्या दुर्बिणीच्या काचेवर वर्तुळ कोरलेलं असतं. त्या वर्तुळावर तारा त्या क्षणी कुठे असायला हवा हे मोबाइलवरचं ॲप सांगतं. अक्षांशाचे (वर-खाली) आणि दिगंशाचे (डावी-उजवीकडे) स्क्रू फिरवून तारा तिथे आणायचा. लॅपटॉप असेल तर एनआयएनए हे मोफत सॉफ्टवेअर तीन फोटो काढून चूक किती आणि कोणत्या दिशेला ते दाखवतं, आणि ध्रुवतारा झाडाआड असला तरी चालतं. चूक दोन-तीन कलांच्या आत आली की पुढे चला. यात अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

फोकस

अर्ध्याहून जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको. बाख्तिनोव्ह मास्क नावाची एक साधी युक्ती आहे, रशियाच्या पाव्हेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ साली काढलेली. दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असा पुठ्ठ्याचा गोल, त्यात तीन दिशांना चिरे. दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास आणि नाभीय अंतर टाकलं की मास्कचा आराखडा काढून देणारी मोफत साधनं आहेत. तो छापा, जाड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि धारदार कटरनं पट्टीच्या आधारानं चिरे पाडा. चिऱ्यांच्या कडा पिंजलेल्या राहिल्या तर किरणही पसरट दिसतात, तेव्हा पातं नवं घ्या.

मास्क लावून दुर्बीण राजन्यावर न्या. तो मृगातलाच ठळक तारा, लक्ष्याजवळचा. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. ताऱ्यातून एक फुली निघालेली दिसेल आणि त्या फुलीला छेदणारी एक तिसरी रेघ. फोकसर केसभर फिरवला की ती मधली रेघ डावी-उजवीकडे सरकते. ती फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस लागला. मग फोकसरचा स्क्रू आवळा आणि पुन्हा पाहा, कारण आवळतानाच रेघ थोडी हलते. हललेली दिसली तर तेवढी भरपाई धरून परत करा. शेवटी मास्क काढला आहे याची खात्री करा. रात्र जसजशी गार होते तशी नळी आकसते. दर तासाला हे सगळं पुन्हा तपासा.

दव हा कोकणातला आणि नदीकाठचा मोठा शत्रू. तारे फुगल्यासारखे, भोवती मंद वलय घेऊन दिसू लागले की भिंगावर दव आहे. हीटर पट्टा संध्याकाळपासूनच चालू ठेवा. भिंग कपड्यानं पुसू नका.

फ्रेम्स

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, रॉ फॉरमॅट, व्हाइट बॅलन्स डेलाइट, आयएसओ ८००. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा स्वतःसाठी खर्च करतो आणि निम्मी रात्र हातातून जाते.

तेजोमेघ चौकटीत आणा. ६० सेकंदांची एक फ्रेम काढा, हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) पाहा. त्याचा उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटलेला, साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. फार डावीकडे असेल तर एक्स्पोजर वाढवा. मध्याच्या पुढे गेला असेल तर आकाश उजळ आहे, कमी करा. आणि ती फ्रेम पूर्ण मोठी करून कोपऱ्यातले तारे पाहा: गोल आहेत का? एकाच दिशेला ताणलेले असतील तर ध्रुव साधण्यात किंवा तोलात काहीतरी राहिलं आहे. ते आत्ताच सुधारा. संगणकावर लांबट तारे गोल करता येत नाहीत.

मग इंटरव्हॅलोमीटरला काम द्या. काळोख्या जागेवर मी १२० सेकंदांच्या फ्रेम्स घेतो; गायडिंग नसेल तर ३० ते ६० सेकंदांच्या घ्या. फ्रेम्स जितक्या जास्त, तितका रवाळपणा कमी; पण हे वर्गमुळाच्या हिशेबानं चालतं. एका तासाचा फोटो दुप्पट स्वच्छ करायचा तर चार तास लागतात, आणि त्याच्या दुप्पट करायचा तर सोळा. म्हणूनच मी एका लक्ष्याचा आग्रह धरतो. पहिल्या रात्री दोन तास जमले तरी पुष्कळ. पुढच्या अमावास्येला त्यातच भर घाला.

दर पाच-दहा फ्रेम्सनंतर चौकट काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवत राहा. याला डिदरिंग म्हणतात. गायडिंग असेल तर सॉफ्टवेअर आपोआप करतं. नसेल तर हँड कंट्रोलरची कळ किंचित दाबा. सेन्सरवरचे सदोष पिक्सेल आणि रंगीत पट्टे यानं जितके जातात तितके नंतर कशानंही जात नाहीत.

एम ४२ चा गाभा मात्र दोन मिनिटांत पांढराफटक जळतो. ट्रॅपेझियमचे चार तारे वेगळे हवे असतील तर त्याच आयएसओवर ३ सेकंदांच्या ३० आणि २० सेकंदांच्या ३० फ्रेम्स वेगळ्या काढा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्याविना हा फोटो पुरा होत नाही.

तेजोमेघ याम्योत्तर ओलांडताना सावध राहा. जानेवारीत ही वेळ नेमकी रात्रीच्या मधोमध येते. दुर्बीण तिपाईला टेकण्याआधी थांबा, माउंटला दुसऱ्या बाजूला पलटवा, तेजोमेघ परत मधोमध आणा. चित्र उलटं दिसेल. जोडणी करताना सॉफ्टवेअर ते सरळ करून घेतं.

तीन प्रकारच्या कोऱ्या फ्रेम्स

डार्क आणि बायस सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करण्यासाठी. डार्क: दुर्बिणीला झाकण, तेच आयएसओ, तेवढंच एक्स्पोजर, तसंच तापमान. काम संपल्यावर सामान आवरता आवरता वीसेक काढा. बायस: झाकण लावून सर्वांत कमी वेळाच्या तीस-चाळीस फ्रेम्स.

फ्लॅट सर्वांत जास्त टाळल्या जातात आणि फरक मात्र सर्वांत जास्त त्याच करतात. भिंगाच्या कडेची काळोखी आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग त्याच काढतात. पहाटे आकाश पांढरं झालं, पण सूर्य वर आलेला नाही, अशा वेळी दुर्बीण डोक्यावर वळवा. स्वच्छ पांढरा सुती कपडा सुरकुती न पाडता तोंडावर ताणून रबरानं बांधा, हिस्टोग्रामचा उंचवटा मधोमध येईल असं एक्स्पोजर ठेवा, तीस फ्रेम्स. कॅमेरा फिरवलेला किंवा फोकस बदललेला नको. सूर्य उगवण्याआधी दुर्बीण झाकून टाका.

संगणकावर

सिरिल हे सॉफ्टवेअर घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि या कामासाठीच बनलं आहे. डिस्क मोकळी ठेवा: १८ मेगापिक्सेलच्या ६० फ्रेम्सना मधल्या फाइल्स धरून २५-३० जीबी सहज लागतात.

एक फोल्डर करा आणि त्यात चार: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. ही नावं इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि अनेकवचनी (lights, darks, flats, biases) लिहावी लागतात, एक अक्षर चुकलं तरी स्क्रिप्ट थांबते. लाइट्स म्हणजे तेजोमेघाच्या फ्रेम्स; तिथे टाकण्याआधी प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून घाला. ढग, धक्का, विमानाचा जाड पट्टा असेल तर काढून टाका. सिरिलमध्ये ते मोठं फोल्डर निवडून रंगीत कॅमेऱ्यासाठीची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. डार्क नसतील तर डार्कविना चालणारी स्क्रिप्टही सोबतच असते. चहा करून या. लहान एक्स्पोजरच्या दोन गटांसाठी हेच वेगळ्या फोल्डरांत करा.

तयार झालेली फाइल उघडली की पडदा काळा दिसेल. घाबरू नका. सगळा प्रकाश डावीकडच्या चिंचोळ्या पट्टीत दबलेला असतो. खाली दर्शनाचा प्रकार ‘ऑटोस्ट्रेच’ करा. तेजोमेघ समोर येईल. हे फक्त दाखवण्यापुरतं आहे, आकडे अजून बदललेले नाहीत.

इथून क्रम पाळा. आधी तिन्ही गटांच्या फाइल्स एका सिक्वेन्समध्ये घेऊन एकमेकांवर जुळवा आणि तिन्हींच्या कडा सारख्याच कापा. मग दोन मिनिटांच्या चित्रावर बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन: शहराच्या प्रभेनं एक कोपरा उजळ झालेला असतो तो इथे सपाट होतो. तपासणीचे ठिपके तेजोमेघावर किंवा त्याच्या पंखांवर पडू देऊ नका. मृगाचा हा सगळा भाग धुळीनं भरलेला आहे, रिकामं आकाश फारसं नाहीच. ठिपके मोकाट सोडले तर सॉफ्टवेअर खऱ्या धुळीलाच प्रदूषण समजून पुसून टाकतं. कमीत कमी ठिपके, पहिल्या घाताचं बहुपद, एवढं पुरतं.

नंतर फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन. सिरिल चित्रातले तारे ओळखतं, त्यांचे मोजलेले रंग तारकासूचीतून घेतं आणि तुमचे रंग त्यांच्याशी जुळवतं. नाभीय अंतर आणि पिक्सेलचा आकार बरोबर भरा. हिरवा नॉइज काढण्याचं साधन सगळे सवयीनं वापरतात; एम ४२ वर ते जपून. त्याच्या गाभ्यात दुहेरी आयनित ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा खराच हिरवट-निळा प्रकाश आहे. तो सगळा खरडून काढला की गाभा भडक, औषधी गुलाबी होतो, आणि तसे फोटो पुष्कळ फिरत असतात.

आता स्ट्रेच, म्हणजे दबलेला प्रकाश कायमचा वर ओढणं. ऑटोस्ट्रेच बंद करून दर्शन ‘लिनियर’ करा आणि जनरलाइज्ड हायपरबॉलिक स्ट्रेच थोडं-थोडं, चार-पाच वेळा द्या. एकाच झटक्यात ओढलं की ताऱ्यांचा रंग उडतो. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोह टाळा. गडद राखाडी ठेवली तर धुळीचे पडदे दिसत राहतात, काळी केली तर तुमच्या रात्रीचा निम्मा प्रकाश फेकला गेला. हाच स्ट्रेच, पण हलक्या हातानं, लहान एक्स्पोजरच्या चित्रांना द्या आणि सगळी १६ बिट टिफ म्हणून जपून ठेवा.

गाभ्याची जोडणी गिंप या मोफत चित्रसंपादकात. खाली २० सेकंदांचं चित्र, वर १२० सेकंदांचं. वरच्या थराला लेयर मास्क जोडा, ‘थराची करडी प्रत’ हा पर्याय निवडून, आणि मास्क उलटा करा. आता वरचं चित्र जिथे जळलं आहे तिथे ते पारदर्शक होतं आणि खालचा तपशील दिसतो. मास्कवर कर्व्ह्‌स लावून परिणाम फक्त गाभ्यापुरता आवळा आणि चाळीसेक पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. ब्लर कमी पडला तर गाभ्याभोवती राखाडी कडं दिसतं. मग याच पद्धतीनं ३ सेकंदांचं चित्र ट्रॅपेझियमपुरतं. गाभा पंखांपेक्षा उजळच राहिला पाहिजे. दोन्ही सारखे झाले तर डोळ्याला खटकतं, कारण खरा तेजोमेघ तसा नाही.

शेवटी थोडं सॅच्युरेशन, अगदी थोडं नॉइज रिडक्शन, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा एकदा पाहा. रात्री दोनला बरोबर वाटलेला रंग सकाळी बहुधा भडक दिसतो. मूळ रॉ फाइल्स कधीही पुसू नका. पुढच्या हिवाळ्यातल्या फ्रेम्स त्यातच मिळवायच्या आहेत.

एम ४२ नंतर

जानेवारी-फेब्रुवारीत मृगाच्या पूर्वेला रोझेट आहे. आकार एम ४२ एवढाच मोठा, पण फार फिका आणि जवळजवळ सगळा हायड्रोजनचा लाल. फिल्टर काढलेला कॅमेरा घ्यायचा तर याच्यासाठी. एप्रिल-मेच्या पहाटे धनू राशीतला लगून, पुण्यातून ४७ अंश उंच, पाऊस सुरू होण्याआधीचं सर्वांत चांगलं लक्ष्य. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका. तो इतका पसरलेला आहे की त्याला १३५ ते २०० मिमीची लेन्सच बरी.

आणि दक्षिणेकडे राहणाऱ्यांसाठी एक वेगळं लक्ष्य: अगस्त्याच्या आग्नेयेला असलेला कॅरिना तेजोमेघ, एम ४२ पेक्षा मोठा. युरोपातून तो उगवतच नाही. पुण्यातून जेमतेम बारा अंश चढतो. वेंगुर्ल्याला चौदा, गोव्यात पंधरा. मार्चअखेर रात्री अकराच्या सुमारास तो ठीक दक्षिणेला असतो आणि कामाचे दोन तास मिळतात. दक्षिणेला झाडं आणि होड्यांचे दिवे नाहीत असं टेकाड शोधा. इतक्या खाली हवा जाड असते, म्हणून एक्स्पोजर ६० सेकंदांच्या वर नेऊ नका, फ्रेम्सची संख्या वाढवा. समुद्राची खारी हवा भिंगाच्या लेपाला आणि माउंटच्या स्क्रूंना खाते. निघण्यापूर्वी धातूचे सगळे भाग कोरड्या कपड्यानं पुसा, भिंगावरचं दव हीटर पट्ट्यानंच सुकू द्या, आणि घरी आल्यावर पेटी दिवसभर उघडी ठेवा.